मसुद्यावर अभिप्राय

रिझर्व्ह बँक महत्त्वाचा नवा नियम आणण्याआधी बहुधा त्याचा मसुदा जाहीर करते आणि ठरावीक तारखेपर्यंत बँकांकडून अभिप्राय मागवते. मोठ्या बँकेत अशा मसुद्याचा अभ्यास करायला वेगळा विभाग असतो. चार-सहा शाखांच्या नागरी सहकारी बँकेत तो मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याच्या टेबलावर येतो, तिथून ‘जरा बघून ठेवा’ एवढ्या शेऱ्यासह हिशेब विभागातल्या एखाद्या जुन्या अधिकाऱ्याकडे सरकतो आणि संध्याकाळी रोकड जुळून शटर अर्धे खाली आल्यावर वाचला जातो. वाचणाऱ्याने दिवसभर त्याच काउंटरवर काम केलेले असते. मसुद्यातला प्रत्येक टक्का त्यामुळे कुठल्या ना कुठल्या कर्जदाराच्या चेहऱ्यासह डोळ्यांपुढे येतो. अभिप्राय लिहिण्यातली खरी अडचण इथेच सुरू होते, कारण चेहरे पत्रात लिहिता येत नाहीत.

भिवंडीतल्या कामतघरसारख्या वस्तीत ही अडचण अधिकच जाणवते. वऱ्हाळादेवीच्या तलावाभोवतीचा हा भाग यंत्रमागांच्या शेडनी, चाळींनी आणि किरकोळ दुकानांनी भरलेला आहे. काउंटरवर मराठी आणि हिंदीबरोबर थोडी तेलुगूही समजावी लागते, कारण विणकामासाठी आलेली तेलुगू कुटुंबे इथे पिढ्यान्‌पिढ्या राहिली आहेत. कारीगर बहुतेक उत्तर प्रदेश आणि बिहारचे. ठेवीदार म्हणजे निवृत्त कामगार, दुकानदार, चार पैसे बाजूला टाकणाऱ्या बायका. कर्जदार म्हणजे आठ-बारा मागांचे मालक, वार्पिंगवाले, टेम्पोवाले, किराणावाले. पिग्मी एजंट रोज शेडमध्ये फिरतो, पन्नास-शंभर रुपये गोळा करतो आणि येताना बातमीही आणतो: कुठल्या शेडचा खडखडाट चालू आहे, कुठे चार दिवस कुलूप आहे. कर्ज वेळेवर फिटेल की नाही याचा बँकेला लागणारा पहिला सुगावा हाच. त्यासाठी मसुद्यात रकाना नसतो.

छोटा मागमालक पुष्कळदा स्वतःच्या भांडवलावर कापड विणत नाही. व्यापारी सूत देतो, मालक मजुरीवर विणून देतो, ग्रे कापडाचे तागे उचलले जातात आणि मजुरी मागाहून मिळते. उन्हाळ्यात कारीगर गावी जातात तेव्हा अर्धे माग उभे राहतात, सणावारांनाही तेच. अशा माणसाचा हप्ता तारखेला येत नाही. दोन महिने काहीच नाही, मग एकदम तीन हप्ते, अशी त्याची चाल असते. ९० दिवस थकले की खाते एनपीए, हा नियम मात्र तारीख ओळखतो, चाल ओळखत नाही. शाखाधिकाऱ्याला बुडवणारा कोण आणि वाट पाहणारा कोण हे ठाऊक असते. लेखापरीक्षकाला ते पटवून देता येत नाही. देता येऊही नये, असे म्हणणे भाग आहे. ‘माणूस ओळखीचा आहे’ या एकाच आधारावर दिलेल्या कर्जांनी सहकारी बँकिंगचे जेवढे नुकसान केले तेवढे क्वचितच दुसऱ्या कशाने केले असेल.

नागरी सहकारी बँकांना दोन मालकांची सवय आहे. १९०४च्या कायद्याने भारतात सहकारी पतसंस्थांना कायदेशीर रूप मिळाले. त्यामागची कल्पना जर्मनीतल्या रायफायझन आणि शुल्झ-डेलिच यांच्या पतसंस्थांवरून घेतलेली होती. १ मार्च १९६६ पासून बँकिंग नियमन कायद्याच्या काही तरतुदी सहकारी बँकांना लागू झाल्या. तेव्हापासून परवाना आणि बँकिंगचे नियम रिझर्व्ह बँकेकडे, तर नोंदणी आणि निवडणुकीचा कारभार राज्याच्या सहकार खात्याकडे, अशी विभागणी झाली. व्यवहारात याचा अर्थ असा, की एकाच विषयावर मुंबईचे परिपत्रक आणि ठाण्याच्या उपनिबंधक कार्यालयाचे पत्र एकाच आठवड्यात येई आणि दोन्हींचा रोख वेगळा असे. उत्तर देणारा अधिकारी दोन फायली ठेवायला शिकला.

२००१ मध्ये अहमदाबादची माधवपुरा मर्कंटाइल बँक शेअर दलालाला दिलेल्या कर्जांपायी कोसळली, आणि तिच्यात ठेवी ठेवलेल्या इतर सहकारी बँकाही ओढल्या गेल्या. २००४ पासून नवे परवाने देणे थांबले. तेव्हा देशात १९२६ नागरी सहकारी बँका होत्या. विलीनीकरण आणि परवाने रद्द होण्याने आज ती संख्या दीड हजाराच्याही खाली आली आहे. त्यांतल्या सुमारे एक तृतीयांश महाराष्ट्रातल्या आहेत.

पण काउंटरवरच्या माणसाच्या लक्षात राहिलेली तारीख २३ सप्टेंबर २०१९ आहे. त्या दिवशी पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध लागले आणि खातेदाराला सहा महिन्यांत फक्त १००० रुपये काढता येतील असे सांगण्यात आले. ही मर्यादा पुढे टप्प्याटप्प्याने वाढली, आणि बँक अखेर जानेवारी २०२२ मध्ये युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन झाली. मात्र पहिल्या आठवड्यात त्या बँकेशी काडीचाही संबंध नसलेल्या सहकारी बँकांच्या शाखांत ठेवीदार पासबुक घेऊन उभे राहिले. ‘साहेब, आपल्या बँकेचे तसे काही नाही ना?’ या प्रश्नाला टक्क्यांत उत्तर देता येत नाही. भांडवल पर्याप्तता १४ टक्के आहे, हे ऐकून कोणीही रांगेतून परत गेला नाही. मागितलेले पैसे ताबडतोब मोजून हातात दिले की मात्र पुष्कळ जण तेच पैसे पुन्हा भरून गेले. एक कोपरा दुमडलेले पासबुक, त्यावर आधी काढल्याची आणि पंधरा मिनिटांनी भरल्याची अशा दोन नोंदी. त्या आठवड्यात कामतघरसारख्या भागातल्या बँकांचा जीव अशा दोन ओळींत अडकलेला असे.

ही धास्ती ताजी असतानाच, ३० डिसेंबर २०१९ रोजी, रिझर्व्ह बँकेने कर्जमर्यादेचा मसुदा जाहीर केला. तोवर एका कर्जदाराला भांडवली निधीच्या १५ टक्के आणि एकमेकांशी जोडलेल्या कर्जदारांच्या एका समूहाला ४० टक्क्यांपर्यंत कर्ज देता येत होते. मसुद्याने ते टिअर-१ भांडवलाच्या, म्हणजे भागभांडवल आणि गंगाजळी अशा मूळ भांडवलाच्या, १० आणि २५ टक्क्यांवर आणायचे सुचवले. शिवाय एकूण कर्जांपैकी निम्मी कर्जे छोटी असावीत. छोटे म्हणजे २५ लाख रुपये किंवा टिअर-१ भांडवलाच्या ०.२ टक्के यांपैकी जास्त असेल ते, कमाल १ कोटी. अभिप्रायासाठी तीन आठवडे होते.

अशा वेळी संघटनेकडून एक नमुना येतो: कलम, हरकत, सुचवलेला बदल. बहुतेक बँका तोच नमुना आपल्या लेटरहेडवर उतरवून पाठवतात. त्यात सगळ्याच कलमांवर हरकत असते आणि कारण साधारण एकच असते, की आम्ही लहान आहोत, आम्ही सर्वसामान्यांची सेवा करतो, सबब सवलत मिळावी. हे खोटे नसते, पण त्याचा उपयोग शून्य. नियामकाला बँक लहान आहे हे आधीच माहीत असते. नियम त्याचसाठी निघालेला असतो.

आपलीच वही घेऊन हिशेब केला तर वेगळेच दिसते. त्याच वेळी अग्रक्रम क्षेत्राच्या कर्जांचे लक्ष्य ४० टक्क्यांवरून ७५ टक्क्यांवर न्यायचे घाटत होते. त्यावर मोठ्या शहरी बँकांनी ओरड केली ते समजण्यासारखे होते. मोठे बांधकाम व्यावसायिक आणि व्यापारी हे त्यांचे कर्जदार. कामतघरच्या बँकेची मागाची, टेम्पोची आणि दुकानाची कर्जे मुळातच अग्रक्रम क्षेत्रातली. तिला त्या कलमाचा जाच नव्हता, तरी नमुन्याबरोबर तिची हरकतही गेली. जाच होता तो दुसऱ्या कलमाचा. टिअर-१ भांडवल १२ कोटी असलेल्या बँकेसाठी ०.२ टक्के म्हणजे २ लाख ४० हजार. ‘जास्त असेल ते’ या शब्दांमुळे तिच्यासाठी २५ लाख हीच सीमा राहते. टक्केवारीचा लाभ सुरू होण्यासाठी टिअर-१ भांडवल १२५ कोटींच्या वर हवे, आणि १ कोटीच्या कमाल मर्यादेला पोहोचायला ५०० कोटी. म्हणजे सूत्र दिसायला सर्वांसाठी, पण त्याचे दुसरे अंग फक्त मोठ्या बँकांना लागू. साधे माग काढून रॅपियर माग बसवू पाहणारा कारखानदार २५ लाखांत भागवू शकत नाही. त्याचे कर्ज छोट्या कर्जांच्या निम्म्या हिश्श्यात धरले जात नाही आणि बँक त्याला देताना हात आखडते. हे चार ओळींचे गणित ज्या पत्रात असते, ते पत्र दोन पानांच्या विनवणीपेक्षा वजनदार ठरते.

मार्च २०२० मध्ये अंतिम परिपत्रक आले तेव्हा एका कर्जदाराची मर्यादा १० ऐवजी १५ टक्के झाली होती, समूहाची २५ टक्केच राहिली. छोट्या कर्जाची व्याख्या तशीच होती. कोणाच्या अभिप्रायाने काय बदलले हे बँकेला कधीच कळत नाही. पोच येते, उत्तर येत नाही.

नियमाची दुसरी बाजूही त्याच वहीत दिसते. समूहाची मर्यादा आखडली की भिवंडीत एका घरातले तीन भाऊ तीन फर्म काढतात: शेड एक, मीटर एक, सही करायला येणारा माणूसही एकच. २५ लाखांची रेघ आली की ४० लाखांच्या गरजेचे २२ आणि १८ असे दोन प्रस्ताव होतात. असे कागद तयार करून देण्यात बँकेचीच माणसे हात देतात, हे या धंद्यात मुरलेल्या कोणालाही नाकारता येणार नाही. रिझर्व्ह बँकेचा संशय आभाळातून पडलेला नाही.

भांडवलाच्या प्रश्नावर मात्र सहकारी बँकेची बाजू खरोखर मजबूत आहे, आणि नेमकी तीच सर्वांत कमी मांडली जाते. रिझर्व्ह बँकेने एन. एस. विश्वनाथन यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीचा अहवाल ऑगस्ट २०२१ मध्ये अभिप्रायांसाठी खुला झाला. तिने बँकांच्या चार श्रेणी सुचवल्या: १०० कोटींपर्यंत ठेवींची पहिली, १००० कोटींपर्यंत दुसरी, १०,००० कोटींपर्यंत तिसरी, त्यावर चौथी. भांडवल पर्याप्तता, म्हणजे जोखीमभारित मालमत्तेशी भांडवलाचे प्रमाण, ९ ते १५ टक्क्यांच्या दरम्यान श्रेणीनुसार असावी आणि चौथ्या श्रेणीला बाझल-३चे आंतरराष्ट्रीय निकष लावावेत, असे तिचे म्हणणे होते. १ डिसेंबर २०२२च्या परिपत्रकात पहिल्या श्रेणीला ९ आणि उरलेल्या तिन्हींना १२ टक्के ठरले. १२ टक्क्यांपर्यंत पोहोचायला मुदत मिळाली: मार्च २०२४ पर्यंत १०, मार्च २०२५ पर्यंत ११, मार्च २०२६ पर्यंत १२.

सहकारी बँकेला शेअर बाजारातून भांडवल उभे करता येत नाही. तिचे भाग दर्शनी किमतीलाच विकले जातात आणि ते घेतो मुख्यतः कर्जदार. सामान्यतः तारणी कर्जाला अडीच टक्के, विनातारणी कर्जाला पाच टक्के भाग घ्यावे लागतात. २० लाखांचे तारणी कर्ज घेणाऱ्या मागमालकाचे ५० हजार भागांत जातात. ‘कर्ज वीस लाखांचे, हातात साडेएकोणीस, व्याज मात्र विसावर,’ ही कुरकूर प्रत्येक कर्जवाटपाच्या दिवशी ऐकावी लागते. २०२० मध्ये बँकिंग नियमन कायदा बदलल्यानंतर कर्ज फिटल्यावर भागांचे पैसे परत मागण्याचा हक्कही सभासदाला राहिला नाही. मार्च २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेने ९ टक्के पर्याप्तता असलेल्या बँकांना परतावा द्यायला परवानगी दिली, तोवरच्या काळात शाखाधिकाऱ्याने किती जणांची समजूत घातली याची गणती नाही.

या रचनेत १२ टक्के कसे गाठायचे? १०० टक्के जोखीमभार असलेल्या १०० रुपयांच्या नव्या तारणी कर्जाबरोबर अडीच रुपयांचे भाग येतात, पण त्या कर्जासाठी भांडवल लागते १२ रुपये. कर्ज वाढवून भांडवल वाढत नाही, उलट टक्केवारी घसरते. उरतो तो नफा. समजा एखाद्या बँकेच्या ठेवी १२० कोटी आहेत आणि जोखीमभारित मालमत्ता ७० कोटी. ९ टक्क्यांना तिला ६ कोटी ३० लाख पुरत होते, १२ टक्क्यांना ८ कोटी ४० लाख लागतात. फरक २ कोटी १० लाखांचा. दरवर्षी ७० लाख नफा गंगाजळीत टाकला, लाभांशाला हात लावला नाही आणि कर्जे एक रुपयानेही वाढवली नाहीत, तर तीन वर्षांत हिशेब जुळतो. वार्षिक सर्वसाधारण सभेत सलग तीन वर्षे लाभांश नाही हे सांगणारा अध्यक्ष चौथ्या वर्षी निवडून येईल का, हा प्रश्न परिपत्रकाच्या कक्षेबाहेरचा.

दुसरा मार्ग मोहाचा आहे: ठेवी १०० कोटींच्या आतच ठेवायच्या आणि पहिल्या श्रेणीत सुखाने राहायचे. एरवी मार्चएण्डला ठेवी गोळा करायला कर्मचारी दारोदार फिरतात. ९८ कोटींवर उभ्या असलेल्या बँकेला मात्र त्याच आठवड्यात आलेली मुदतठेव ‘एप्रिलमध्ये आणा’ म्हणून परत पाठवावीशी वाटते. वाढ थांबवायला लावणारी रेघ नियामकाला नक्कीच नको असणार, पण रेघ आखली की तिच्या अलीकडे थांबणारे निघतातच.

लहान बँकांना लहान मापाने मोजावे, हा वाद भिवंडीपुरता नाही. युरोपात बचत बँका आणि सहकारी बँका गावोगाव आहेत, आणि त्यांच्या संघटनांची कार्यालये ब्रसेल्समध्ये, युरोपीय आयोगाच्या दारातच आहेत. आयोगाने नोव्हेंबर २०१५ मध्ये सगळ्या युरो देशांसाठी एकच ठेवविमा योजना प्रस्तावित केली, तेव्हा जर्मनीतल्या बचत बँकांनी आणि सहकारी बँकांनी कडाडून विरोध केला. त्यांचे म्हणणे असे, की आमच्यातली एखादी बँक अडचणीत आली तर बाकीच्या तिला सावरतात; ही व्यवस्था आमच्याकडे आधीच आहे, मग दुसऱ्या देशांतल्या बँकांच्या चुकांचा भार आमच्या निधीवर का? ती योजना अजून अमलात आलेली नाही. नुसता नकार एवढेच त्यांचे हत्यार नव्हते. २०१३च्या युरोपीय भांडवल नियमांत छोट्या आणि मध्यम उद्योगांच्या कर्जांवरची भांडवलाची गरज ०.७६१९ या गुणकाने कमी झाली, म्हणजे जवळपास २४ टक्क्यांनी. बचत व सहकारी बँकांच्या संघटनांनी ती तरतूद लावून धरली होती. २०१९ मध्ये ‘लहान आणि सुटसुटीत’ बँकेची व्याख्याच कायद्यात आली आणि अशा बँकांचे अहवाल सादर करण्याचे ओझे हलके झाले. त्या व्याख्येची कमाल सीमा ५ अब्ज युरो मालमत्तेची आहे. सारस्वतसारखा एखादा अपवाद सोडला तर भारतातली जवळजवळ प्रत्येक नागरी सहकारी बँक तिच्यात आरामात बसेल.

तिथे आणि इथे फरक मुख्यतः संघटित आकड्यांचा आहे. एकेकट्या बँकेचा आकडा कोणी मनावर घेत नाही. पाचशे बँकांचे आकडे एका तक्त्यात आले तर नियामकाला उत्तर द्यावे लागते. इथेही शिखर संघटना आहेत, आणि मार्च २०२४ मध्ये नागरी सहकारी बँकांची राष्ट्रीय शिखर वित्तसंस्थाही सुरू झाली. पण बँका एकमेकींना आपले आकडे दाखवायला बिचकतात. शेजारच्या बँकेला आपली थकबाकी कळली तर ठेवीदारांना कळेल, ही भीती २०१९ नंतर अधिकच घट्ट झाली आहे.

लहान बँकेला कोणत्या मापाने मोजायचे, हा प्रश्न ठेवविम्यात वेगळ्या रूपात येतो. फेब्रुवारी २०२० मध्ये विम्याची मर्यादा १ लाखावरून ५ लाखांवर गेली आणि २०२१च्या दुरुस्तीने निर्बंध लागल्यापासून ९० दिवसांत ती रक्कम देण्याचे बंधन आले. कामतघरच्या काउंटरवर याइतका उपयोगी पडलेला दुसरा नियम नाही. बहुतेक ठेवी ५ लाखांच्या आतल्याच. ‘बुडाली तरी तीन महिन्यांत मिळतील,’ हे वाक्य ठेवीदाराला टक्क्यांपेक्षा लवकर कळते. हप्ता मात्र चांगल्या आणि वाईट बँकेला सारखाच होता, १०० रुपयांच्या ठेवीला वर्षाला १२ पैसे. जोखमीनुसार हप्ता आकारण्याचा निर्णय रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०२५ मध्ये जाहीर केला. चोख कारभार करणाऱ्या लहान बँकेला यात चार पैसे वाचवायची संधी आहे.

२०२०च्या परिपत्रकातली छोट्या कर्जाची व्याख्या बदलायला पाच वर्षे लागली. फेब्रुवारी २०२५ मध्ये ०.२ऐवजी ०.४ टक्के आणि १ कोटीऐवजी ३ कोटींची कमाल मर्यादा झाली. २५ लाखांचा आकडा होता तिथेच राहिला. टक्केवारीचा लाभ सुरू होण्यासाठी आता १२५ऐवजी साडेबासष्ट कोटींचे टिअर-१ भांडवल पुरते. १२ कोटींच्या बँकेला त्याने काहीच फरक पडला नाही. पुढच्याच महिन्यात अग्रक्रम क्षेत्राचे लक्ष्य ७५ टक्क्यांवरून ६० टक्क्यांवर आले. जिचा जाच नव्हता ती अट सैल झाली, जिचा होता ती तशीच राहिली.

यांतल्या एकाही मसुद्याने ९० दिवसांच्या मर्यादेला हात लावलेला नव्हता. मे महिन्यात कारीगर गावी गेले आणि माग थांबले, की शाखेत ८० दिवस ओलांडलेल्या खात्यांची यादी निघते, आणि पिग्मी एजंटला सर्वांत आधी त्या शेडकडे पाठवले जाते.